छताचा आवाज ऐकणारे तात्या

तात्या खाणीत उतरले की आधी छताला विचारत. एका हाताने पहार उचलून छत ठोकायचे, दुसऱ्या हाताचा तळवा दगडाला लावायचे आणि मान कलती करून ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर पुढे. बद्द आला की टेकू लागेपर्यंत कुणाला पाऊल टाकू देत नसत.

डिचोलीकडच्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्यावर मी माझं सर्वण गाव सोडून विदर्भातल्या कोळशाच्या खाणीत पाळीवर देखरेख करणारा ओव्हरमन म्हणून गेलो. इकडे उघड्या आभाळाखाली काम केलेलं. तिकडे डोक्यावर शेकडो फूट दगड. पहिल्या दिवशी मला सारखं वर बघत चालताना पाहून माझ्या हाताखालचे पाळीचे सरदार, पेडण्याचे तात्या, आपल्या बोलीत म्हणाले, "भियाव नको. छप्पर सांगान पडता रे. आमीच आयकणव नाय."

एकदा वरून कोळशाची घाई चालली होती, पण छत बद्द वाजलं म्हणून तात्या टेकूखाली डबा उघडून बसले. "कोळसो खंय पळान जाणा नाय." दुपारी पुढचं छत खाली बसलं. तिथे कुणी नव्हतं. तात्यांनी फक्त पहार पुसली.

मग एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं.

"उजव्या कानान आयकाक येणा नाय. माका वर खंयचां तरी काम बघ."

"निवृत्तीला थोडेच महिने उरलेत, तात्या. तुम्ही वर गेलात तर मी कुणाच्या भरवशावर खाली उतरू?"

त्यांनी पहार उचलली. मग "बरां" एवढंच म्हणाले. मला तेव्हा ती माझी माया वाटली. ती माझी भीती होती.

तीन आठवड्यांनी ते छत ठोकत असताना उजवीकडची कोळशाची भिंत करकरली. मी ऐकलं, ओरडलो. तात्या ठोकतच राहिले. भिंत त्यांच्या कमरेवर आली.

इस्पितळात चौकशीचे साहेब आले. कान गेल्याचं कुणाला सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

"मी कोणाक सांगूक नाय," तात्या म्हणाले.

मी गप्प राहिलो. नोकरी टिकली. आता कुणी नुसतं ऐकू येत नाही म्हणालं, तरी त्याच दिवशी त्याला वर पाठवतो. तात्या मात्र पुन्हा ताठ उभे राहिले नाहीत. ते पेडण्याला परतले. दरवर्षी सुट्टीत मी सर्वणला यायचो, पण पेडण्याची बस काही धरली नाही.

या चैत्रात ते गेले, तेव्हा गेलो. तात्यांच्या बायकोने, काकींनी चहा दिला, पुढ्यात बशीत उंडे पाव ठेवले. मी बशी बाजूला सारली. शेवटी म्हणालो, "काकी, तात्यांनी मला सांगितलं होतं. मीच त्यांना खाली ठेवून घेतलं."

काकींनी बशी पुन्हा माझ्यापुढे सरकवली.

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "तुका कधी विचारू नको, असां तेंनी बजावन ठेवलेलां."