दादाचा आकडा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? आता पोटात ठेववत नाही — एवढंच.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, आतड्याचा कॅन्सर झाला. मुंबईत ऑपरेशन झालं, काही महिने पोटाला शौचाची पिशवी लागली. तिथे ती बदलायचं काम माझं. मी श्वास रोखून करायचो. त्या वासाची किळस यायची — आणि दादा माझ्या तोंडाकडे बघतोय, हेही कळायचं.

पुढे पिशवी निघाली, दादा रत्नागिरीला परतला. मग दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, सीईए नावाची. आकडा चढला तर रोग परतल्याची शंका. लगेच मुंबई गाठा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर यायचा. दादा विचारायचा, "काय रे बाबू, सुरमईच्या भावासारखा चढला नाय ना?"

शिमग्याच्या तोंडावर तो चढला. चांगलाच.

दादा पालखीला खांदा द्यायच्या तयारीत. सण निघू दे, मग सांगू — असं मी मनाशी म्हणालो. थापा! मला सणाचं काय पडलं होतं? मला दिसत होती ती पिशवी. पुन्हा ती खोली, पुन्हा तो वास, पुन्हा मीच.

"उतरलाय," म्हणालो.

दादानं पालखी नाचवली. वहिनीनं देवापुढे नारळ फोडला. शिमगा गेला, आंबा गेला — मी गप्प. पुढची तपासणीही "आता कशाला उगाच" म्हणून टाळली. पावसात त्याचे डोळे पिवळे झाले, तेव्हा रोग यकृतभर पसरलेला. गणपती त्यानं पाहिले नाहीत. वेळेवर नेलं असतं तर वाचला असता? ते कळायची सोयही मी ठेवली नाही.

वहिनी आता भेटेल त्याला सांगते, "त्या रक्ताच्या तपासणीत काय कळत नाय हो. आमच्या ह्यांचा आकडा तर उतरलेला! भावजींनी स्वतः बघितलान."

तिच्या सख्ख्या भावाचंही आता तेच ऑपरेशन झालंय. तिचं ऐकून त्यानं तपासणीला रक्त देणं सोडलं. हे तिनं मला सांगितलं, तेव्हा मी तिच्या हातचा चहा पीत होतो. संपवला. वर "छान झालाय" म्हणालो. — आणि मला म्हणे पिशवीची किळस यायची!

तपासणी खरं बोलली होती. खोटं मी बोललो. हे वहिनीला आणि तिच्या भावाला सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.