यकृताच्या पेशींची लुकलुक

गिरण्यांचा संप नेमका कधी संपला, हे आमच्या लालबागच्या चाळीत कुणालाच धड सांगता येत नाही. वडील घरी बसले ते बसलेच, आणि मी परळच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या यकृतावर पीएच.डी. करायला लागले. आई शेजारणींना सांगायची, पोरगी लिव्हरची डॉक्टर होतेय. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

माझ्या गाइड गिरगावच्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन दिलं की यकृताच्या पेशीत कॅल्शियम वाढतं आणि त्या इशाऱ्यावर पेशी साठवलेली साखर सोडते. हार्मोन जास्त तितकं कॅल्शियम जास्त, सरळ चढती रेघ. लाखो पेशी एकत्र मोजून बाईंनी ती काढली होती आणि त्यांचं नाव झालं होतं ते तिच्यामुळेच.

मी नव्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेकटी पेशी बघायला लागले. आत कॅल्शियम वाढलं की उजळणारं रसायन भरलेलं. हार्मोन दिलं आणि काय सांगू, पेशी चक्क लुकलुकायला लागली. उजळायची, विझायची, पुन्हा उजळायची. हार्मोन वाढवलं तर उजेड वाढेना, लुकलुक तेवढी भरभर होई.

व्होल्टेज असेल, बाई म्हणाल्या. परळात दिवे नाचायचेच. इलेक्ट्रिशियनने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बदलला, वायर बदलली, शेवटी हात टेकले. हे खरं निघालं तर बाईंची रेघ खोटी ठरणार, आणि गाइडलाच खोटं पाडणाऱ्या पोरीच्या थिसिसवर सही कोण करतं?

तोडगा बाईंनीच काढला. दोन पेशी शेजारी शेजारी धर, म्हणाल्या, दिव्याचा दोष असेल तर दोघी एकदम लुकलुकतील. आम्ही पडद्यासमोर बसलो. एक सावकाश लुकलुकत होती, दुसरी लगबगीने. हार्मोन धुऊन काढलं तशा दोघी शांत झाल्या. मला वडिलांचा डबा न्यायचे दिवस आठवले. गिरणीच्या भिंतीबाहेर एकच घरघर, आत प्रत्येक मागाची खटखट वेगळी. लाखो पेशींची बेरीज म्हणजे ती बाहेरची घरघर. पण हे बाईंना सांगायची माझी काय टाप! त्यांनी हार्मोन पुन्हा घालायला लावलं आणि दोघींची लुकलुक घड्याळ लावून मोजली.

ही लुकलुक मांडायच्या सेमिनारला बाहेरची बडी मंडळी आली होती. एकाने बाईंना खोचकपणे विचारलंच, मग तुमचं जुनं काम चुकलं म्हणायचं का. बाई उठल्या.

"मोजमाप बरोबर होतं, अर्थ चुकला. मी घोळक्याचं ऐकलं, हिने एकेकीचं ऐकलं. पुढचं हीच सांगेल."

माझ्या हातात खडू देऊन त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. इतकं मोठं मन मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. मी फळ्यावर दोन पेशी काढून वळले. बाईंनी पेनचं टोपण काढलं आणि लिहून घ्यायला थांबल्या.