शेवटची बास्केट जिची, फेटा तिचा

औंढ्याच्या यात्रेत कुस्त्यांच्या आधी बायकांच्या बास्केटबॉलची फायनल होते, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो. हसू दे. ती फायनल यात्रेत घुसवायला सविताला किती जणांशी वाकडं घ्यावं लागलं, ते त्याला कुठं ठाऊक.

सविताचं माहेर लोणावळ्याचं. शाळेत बास्केटबॉल खेळायची. लग्न होऊन औंढ्यात आली तेव्हा गावाच्या कडेला एक सिमेंटचं मैदान होतं आणि दोन टोकांना दोन गंजलेल्या रिंगा. कुठल्याशा कंपनीनं बांधून दिलेलं. उद्घाटनाचा नारळ फुटला, फोटो निघाले आणि मग त्या सिमेंटवर गावानं भात वाळत घातला. एका संध्याकाळी सवितानं भात बाजूला लोटला आणि चेंडू आपटला. सासू कुंपणाशी येऊन म्हणाली, "सूनबाई, लोकं बघत्यात."

"बघू द्या की आत्या. तिकीट थोडंच लावलंय."

तेव्हापासून मैदान तिचं. तळेगावच्या कंपनीत पॅकिंगला उभी राहून पाय सुजले तरी बसमधून उतरली की आधी मैदान, मग घर. एकेक करून पोरी आल्या, मग दोन-चार सुना आल्या. संघ झाला.

तिचा खेळ मात्र डोळ्यांत भरणारा नाही. लांबून नेम धरून टाळ्या घेणं तिला कधी जमलं नाही. ती बोर्डाखालची बाई. चेंडू रिंगवर आपटून बाहेर उडाला की गर्दीतून पहिला हात तिचा. चेंडू ओढायचा, मोकळ्या पोरीला द्यायचा, मागं पळायचं, आडवं व्हायचं. पोरी म्हणतात, ताई आत असली की नेम चुकायची भीती वाटत नाही. पण यात्रेला आलेल्या पाहुण्याला विचारा, फायनल कुणी मारली? तो सविताचं नाव घ्यायचा नाही. कारण फेटा तिला कधी मिळाला नाही.

हा फेट्याचा घोळ दत्तोबांचा. दत्तोबा यात्रा कमिटीचे प्रमुख, जुने पैलवान, मोडक्या कानांचे. आखाड्यात सकाळी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत चढत मोठ्या जोड्या आणि सगळ्यात शेवटची कुस्ती सगळ्यात मोठी. ती मारणाऱ्याला देवाचा फेटा. आणि फेटा बांधला की त्यानं पारावर उभं राहून गावाकडं एक गोष्ट मागायची. गाव 'दिलं' म्हणतं. म्हटलं की फिरत नाही. बास्केटबॉल यात्रेत आला तेव्हा दत्तोबांनी तोच नियम उचलून इकडं ठेवला. ज्यानं शेवटची कुस्ती मारली तो मल्ल, तसं जिनं शेवटची बास्केट मारली ती मल्ल. सविता तेव्हा 'चालंल' म्हणाली. खेळायला मिळतंय हेच मोठं होतं. नियमाला भुलली.

झालं काय, की गावोगावचे संघ नेमबाज पाहुणी आणायला लागले. पाहुणी शेवटी चेंडू मागायची, मारायची, फेटा बांधून काहीतरी मागून निघून जायची. एकीनं देवळात पंखा मागितला. तो अजून फिरतो, तिच्या नावासकट.

चहाच्या टपरीवर ह्यावरून दर वर्षी जुंपते. टपरी हौशीरामची. तो म्हणतो, "आबा, सगळा गेम वढला सवितानं, आन् फेटा एका बास्केटीचा? मंग बाकीच्या बाया काय धूळ उडवाया व्हत्या?"

दत्तोबा बशीतला चहा फुंकतात. "हौशा, येळ आली की ज्याचं मनगट हलत न्हाई, त्यो मल्ल. बाकी दिसभर तर बैल बी राबतो."

"बैल न्हाई राबला तर खाल काय?"

"चा दे. लय बोलतो."

यंदा मात्र हे टपरीवरचं भांडण राहिलं नव्हतं. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या गाड्या औंढ्यापर्यंत तुंबतात, बंगल्यावाल्यांचे पाहुणे रस्त्यातच गाडी सोडून फोटो काढत हिंडतात. तेव्हा ते सिमेंटचं मैदान पार्किंगला द्यायचं, असं गावात ठरत आलं होतं. रिंगा काढायला माणूसही बघून ठेवला होता. सविता बैठकीत उभी राहिली, तोंड सुटलं तिचं. "भात वाळवायला मैदान, गाड्या लावायला मैदान, पोरींनी पळायचं कुटं? तुमच्या ओसरीवर?" माणसं खाली बघून हसली. दत्तोबा हसले नाहीत. म्हणाले, "सविता, हितं भांडून काय मिळत न्हाई. फेटा बांध, पारावर उभी ऱ्हा आन् माग. देवाच्या फेट्याला गाव न्हाई म्हनत न्हाई."

म्हणजे शेवटची बास्केट मारायची. जी तिनं आजवर मारली नव्हती.

औंढ्याची यंदाची पाहुणी अश्लेषा, तळेगावची. कॉलेजच्या संघाची कॅप्टन. नेम असा, की शेवटच्या क्षणी हिच्या हातात चेंडू गेला की समोरचे चप्पल शोधायला लागतात. फायनलच्या दुपारी ती उशिराच उतरली आणि आल्या आल्या तिनं विचारलं, "चेंजिंग रूम कुठे आहे?"

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. नंदाबाई, संघातली सगळ्यात थोरली, टेम्पोतून एक जुनी साडी घेऊन आली. टेम्पो आणि मैदानाची भिंत ह्यांच्या मधे ती साडी दोघींनी ताणून धरायची आणि आत एकेकीनं कपडे बदलायचे, ही इथली रीत. अश्लेषा आत गेली. तेवढ्यात भिंतीवर चढून बसलेल्या टोळक्यातून शिट्टी आली. नंदाबाईनं खालून दगड भिरकावला, टोळकं पांगलं, पण अश्लेषा बाहेर आली ती कानापर्यंत लाल होऊन. "ताई, दर वर्षी असंच?"

"आमी मनावर घेत न्हाई," सविता म्हणाली. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

नंदाबाईनं तिला बाजूला घेतलं. "तिला सांगून ठेव की. फेटा तिला बसला तर मैदान मागायचं म्हनून."

"उसन्या तोंडानं मागू? माझं मैदान मी मागंन."

"आगं पन..."

"पन न्हाई न् बिन न्हाई, नंदाबाई. यंदा शेवटची मीच मारनार."

समोर लोणावळ्याचा संघ. शिट्टी झाली, आणि पहिल्या अर्ध्यात सविता नेहमीची सविता होती. बोर्डाखाली पाय रोवून उभी. अश्लेषाचे दोन नेम चुकले, दोन्ही चेंडू सवितानं ओढून परत तिच्याच हातात दिले, दोन्ही मग आत गेले. औंढं पुढं होतं. हौशीराम टपरी उघडी टाकून भिंतीवर येऊन बसला होता. पारावरून दत्तोबा मान ताणून बघत होते, शेजारी हलगीवाले हलग्या शेकत बसलेले.

खेळ शेवटाकडं सरकला आणि सविता बदलली. चेंडू हातात आला की ती रिंगकडं बघायला लागली. एकदा लांबून मारला, बोर्डालाही लागला नाही. पुन्हा मारला. मोकळी पोर हात वर करून ओरडत होती, तिच्याकडं पाहिलंच नाही. चेंडू समोरच्यांनी उचलला आणि पलीकडं बास्केट झाली. पुन्हा एक झाली. औंढ्याची आघाडी गेली, वर लोणावळं एका गुणानं पुढं. पोरींचे चेहरे उतरले. ताई चुकते हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

भिंतीवरून हौशीरामचा आवाज आला. "सविते, फेटा आदीच बांधून आलीस व्हय? डोळ्यावर आलाय बघ."

भिंत हसली. सविताच्या कानशिलातून आग निघाली. वाटलं, खेळ सोडावा आणि त्याची किटली त्याच्याच डोक्यावर ओतावी. पण बोललेला शब्द खरा होता, म्हणून जास्त झोंबला.

शेवटचं मिनिट. लोणावळ्याची उंच पोर नेम धरून मारायला उठली. तो आत गेला असता तर संपलंच होतं. चेंडू रिंगवर आपटला, वर उडाला. चार हात वर गेले. सविताचा पहिला लागला. तिनं तो छातीशी ओढला, नंदाबाईकडं ढकलला आणि स्वतः पलीकडच्या रिंगकडं पळाली. पॅकिंगला उभं राहून भरलेल्या पोटऱ्या ओढून धरत पळाली. नंदाबाईनं चेंडू परत दिला. सविता रिंगच्या पुढ्यात. दोघी तिच्या अंगावर आल्या, एक पुढून, एक कुशीतून. घड्याळ धरलेल्या मास्तरांचा हात शिट्टीकडं गेलेला तिला दिसला.

मारता आला असता. दोघींच्या हातांवरून, तोल जाता जाता. गेला असता तर फेटा, पार, मैदान, सगळं एका उडीत. नसता गेला तर पंचवीस पोरींच्या संध्याकाळी मोटारींच्या चाकाखाली. आणि डावीकडं, कोपऱ्यात, अश्लेषा मोकळी उभी. हातसुद्धा वर केला नव्हता तिनं. नुसती बघत होती.

सवितानं चेंडू दिला.

अश्लेषानं तो पकडला तसाच सोडला. चेंडू रिंगच्या काठावर बसला, गोल फिरला. मग आत पडला. शिट्टी.

हलग्या कडाडल्या. पोरींनी अश्लेषाला उचललं. सविता गुडघ्यांवर हात टेकून खाली वाकली होती. नंदाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जिकलो की गं."

"व्हय. जिकलो."

"मंग जा की, सांग तिला. अजून येळ हाय."

सविता उठली खरी, पण अश्लेषाला लोकांनी पाराकडं नेलं होतं, मधे गर्दी, हलग्यांच्या आवाजात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नव्हतं. दत्तोबांनी गुलाबी फेटा स्वतःच्या हातानं बांधला, तुरा काढला, मागं शेमला सोडला. हात वर केला. हलग्या थांबल्या. एवढी शांतता, की रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"माग पोरी," दत्तोबा म्हणाले. "देव साक्षी हाय. गाव दिल्याबिगर ऱ्हायचं न्हाई."

अश्लेषाला कुणी ही रीत सांगितलीच नव्हती. ती गोंधळली. "मला काही नको, आजोबा."

गर्दीतून कोपर मारत सविता पुढं सरकली.

"असं न्हाई चालत. देवाचा फेटा रिकामा जात न्हाई. माग कायतरी."

अश्लेषानं गर्दीवरून नजर फिरवली. ती भिंतीवर थांबली. ते टोळकं परत येऊन बसलं होतं. तिचा आवाज बदलला. "मग एक खोली द्या. पोरींना कपडे बदलायला. आतून कडी असलेली. इथेच, मैदानाला लागून. पुढच्या वर्षी मी साडीच्या आड उभी राहणार नाही."

पारावरची माणसं सुटल्यासारखी हसली. दत्तोबाही हसले. एक खोली, त्यात काय. "दिलं," ते म्हणाले, आणि गाव म्हणालं, "दिलं."

हलगीवाल्यानं काडी उचलली. तेवढ्यात गर्दीतून सविताचा आवाज आला, फाटलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"आबा, मैदानाला लागून म्हनली ती."

"व्हय. मंग?"

"मंग मैदान नको का? गाड्यांना लागून कुनी कपडे बदलतंय व्हय? खोली दिली म्हंजी मैदान आलंच की. आन् देवासमूर दिलंय. फिरवनार असाल तर आत्ताच सांगा, समद्यांच्या देखत."

हलगीवाल्याची काडी हवेतच राहिली. दत्तोबांनी शेजारी बघितलं. शेजारी बसलेल्या कमिटीवाल्यांनी जमिनीकडं बघितलं. पार्किंगचं ज्यांनी ठरवलं होतं त्यातला एकजण पुटपुटला, "तसं कुटं ठरलं व्हतं?" दत्तोबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्याचं पुढचं बोलणं आतच विरलं. पैलवानाचा शब्द होता, त्यात देवाचा फेटा.

"दिलं म्हनलंय," ते शेवटी म्हणाले. "वाजवा."

भिंतीवरून हौशीराम म्हणाला, "घेतला. रिंगवरनं उडालेला घेतला बयेनं."

अश्लेषाला ह्यातलं निम्मंही कळलं नाही. ती फेटा सावरत सविताजवळ आली. "ताई, मी काही चुकीचं मागितलं का?"

"न्हाई गं. बरुबर मागितलंस." मग नाइलाजानं म्हणाली, "आदी सांगाया पायजे व्हतं तुला. न्हाई सांगितलं."

खोली झाली. विटांची, पत्र्याची, आतून कडी. दारावर गावानं रंगात लिहून घेतलं, 'अश्लेषा कक्ष'. सविताचं नाव कुठंही नाही. ती बघून एकदा म्हणाली, "कक्ष कशाला? खोली म्हनाया काय झालं?" एवढंच. चावी तिच्याकडंच असते. कंपनीची बस उशिरा आली तरी पोरी दाराशी वाट बघत थांबतात.

टपरीवरचं भांडण मिटलेलं नाही. दत्तोबा अजून म्हणतात, त्या पोरीचं मनगट हललं न्हाई म्हनून फेटा तिचा. हौशीराम विचारतो, चेंडू दिला कुणी? दत्तोबा म्हणतात, चा दे. फक्त पुढच्या यात्रेला फेटे दोन आणायचे असं त्यांनी हळूच कुणाला तरी सांगून ठेवलंय, आणि हे गावात कुणाला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं.

परवाच्या रविवारी एक पांढरी गाडी वाट चुकून मैदानाच्या तोंडाशी आली. आतल्या साहेबानं काच खाली केली. "मॅडम, पार्किंग इथंच आहे ना? कुणीतरी सांगितलं."

सवितानं चेंडू काखेत धरला आणि मानेनं खोलीकडं दाखवलं. "ती खोली दिसती ना? पोरी कपडे बदलत्यात तितं. गाडी मागं घ्या."

साहेबानं मागं घेतली. जागा कमी होती, बराच वेळ घेत होता. तोवर सविता तिथंच उभी राहिली.