जाळीमागची जागा

शिराताके-सान आमच्या शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा आले, तेव्हा मी त्यांना चोर समजले होते. खोटं कशाला बोलू? भरदुपारची वेळ, मुलं सरावाला गेलेली, आणि वसतिगृहाच्या मागून एक उन्हानं रापलेला माणूस घडीचं स्टूल काखोटीला मारून दबकत चाललेला. मी भाताचा डाव हातात घेऊनच बाहेर आले.

"कोण हो तुम्ही? इकडे काय काम?"

त्यांनी स्टूल खाली ठेवलं, कमरेत वाकून नमस्कार केला. "बाई, मी मुलं बघायला आलोय."

"आमच्याकडे कुणाची सोयरीक जमवायची नाहीये!" मी म्हटलं.

त्यावर ते असे खळखळून हसले की माझा डाव आपोआप खाली आला. मग खिशातून कार्ड काढून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. व्यावसायिक बेसबॉल संघाचे माणूस होते ते. दर शरद ऋतूत तोक्योत बारा संघ बसतात आणि एकेका मुलाचं नाव पुकारून त्याला आपल्याकडे घेतात. त्या दिवसासाठी अशी माणसं वर्षभर शाळाशाळांची मैदानं पालथी घालत असतात. अख्खं शिकोकू बेट शिराताके-सानांच्या वाट्याला होतं. जुनी खटारा गाडी, ते स्टूल आणि रताळ्याच्या गोड काड्यांची पिशवी एवढाच त्यांचा संसार रस्त्यावर असायचा. बायको म्हणे हाक मारताना कधीकधी चुकून आपल्या धाकट्या भावाचं नाव घ्यायची, इतके ते घरी कमी असत.

मी फुसाए. बेसबॉलच्या मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. मुलं मला मावशी म्हणतात आणि मी त्यांना जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकेक पोरगं तीन-तीन वाडगे भात चापतं आणि वर विचारतं, "मावशी, अजून आहे का?" अरे, तुझ्या पोटात काय विहीर खणलीय का?

तर शिराताके-सान येत ते ताइचीसाठी. ताइची इवागो. बाप बोनिटो पकडायच्या बोटीवर, आई किनाऱ्यावर ते मासे धुरावर वाळवायच्या शेडमध्ये. पहिल्या वर्षाला आला तेव्हा कोळंबीसारखा वाकडा नि बारीक होता, पण चेंडू असा फेकायचा की झेलणारा कळवळायचा. आमचा पिचर तोच. शिराताके-सान बॅटिंगच्या जागेमागच्या जाळीला लागून स्टूल टाकायचे आणि मांड्यांवर हात ठेवून नुसते बघत बसायचे. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं स्टूलवाले आजोबा.

गंमत अशी की हे आजोबा ताइचीशी एक शब्द बोलू शकत नव्हते. तसा नियमच आहे आमच्याकडे. शाळा संपत आली, मुलानं आपल्याला व्यावसायिक व्हायचंय असं रीतसर कळवलं की मगच. तोवर मुलाशी नाही, त्याच्या आईबापाशी नाही. संघाला शिकवणाऱ्या आमच्या कामेओका सरांना नमस्कार करायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या आणि गुपचूप जाळीमागे जाऊन बसायचं. एखादा शब्द तोंडातून निसटला तर मुलाचीच पंचाईत. मला हे भारी चमत्कारिक वाटायचं. लग्नाची बोलणीसुद्धा याहून मोकळी असतात!

पण न बोलताही बोलणं पोचतंच ना? आजोबा आले की ताइचीचे कान टवकारायचे. पाठ ताठ व्हायची. दुसऱ्या वर्षी आले, तिसऱ्या वर्षी आले, पावसात छत्री धरून आले. जाळीमागे स्टूल पडलं म्हणजे आपण अजून त्यांच्या मनात आहोत, एवढं त्या पोराला कळत होतं. आणि तिथेच घोळ झाला.

तिसऱ्या वर्षी, चेरीची फुलं गळून गेल्यावर, ताइची जेवताना ताटावर वाकायला लागला. वाडगा डाव्या हातात, पण तोंड पार खाली नेऊन खायचा. सर भडकले. "इवागो! कुत्र्यासारखं काय खातोस? नीट बस!" मीही झाडला त्याला. म्हटलं, "तुझ्या आईनं हेच शिकवलं का रे? उद्या तोक्योला गेलास तर मला शिव्या पडतील." पोरगं लाल झालं, सरळ बसलं आणि थोड्या वेळानं पुन्हा वाकलं.

त्या दिवशी भांडी घासताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताइची उद्धट नव्हता हो. त्याचा उजवा हात कोपरात पुरता वाकत नव्हता. जेवायच्या काड्या तोंडापर्यंत पोचत नव्हत्या, म्हणून तोंड काड्यांपर्यंत नेत होता लेकरू. आणि मी त्याच्या आईचा उद्धार केला! माझं मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्याला स्वयंपाकघरात ओढला आणि म्हटलं, "हात दाखव." आधी नाही-नाही केलं, मग दाखवला. कोपर सुजून टम्म.

"किती दिवस?"

"मावशी, सरांना सांगू नका. पाया पडतो."

"हात कायमचा जाईल, गाढवा!"

"उन्हाळ्याच्या स्पर्धेपर्यंत फक्त. आजोबा मला बघायला येतात. मी चेंडू टाकलाच नाही तर ते काय बघणार? ते यायचे बंद होतील." एवढं बोलून तो रडायला लागला. सहा फुटांचा घोडा माझ्या तांदळाच्या पोत्यावर बसून रडतोय, आणि मी काय करणार? मीही रडले.

सरांना सांगू नका म्हणाला होता. आजोबांना सांगू नका असं कुठे म्हणाला होता? पुढच्या खेपेला शिराताके-सान आले, तशी मी चहा घेऊन जाळीपाशी गेले आणि सगळं ओकले. वर म्हटलं, "तुमच्या या स्टुलापायी तो पोरगा हात मोडून घेतोय. उठा इथून! येऊ नका पुन्हा!"

त्यांच्या हातातली रताळ्याची काडी तशीच राहिली. मग म्हणाले, "मला दिसलं नाही. मी इतका खूश होतो त्याच्यावर, की मला दिसलंच नाही."

मला वाटलं होतं, आता हा माणूस गाडीत बसेल आणि दुसऱ्या गावचा पिचर शोधायला जाईल. तेवढ्यासाठीच तर पगार मिळतो त्याला. पण ते उठले आणि थेट सरांकडे गेले. माझं नाव न घेता त्यांनी कोपराचं सांगितलं. सरांनी ताइचीला बोलावलं. कार्टं काय म्हणालं असेल? "कुठं काय, सर? ठणठणीत आहे!" आणि आजोबांच्या डोळ्यांदेखत त्यानं असे सणसणीत चेंडू टाकले की सरांचा जीव भांड्यात पडला. स्पर्धा तोंडावर आलेली, सरांनाही तेच ऐकायचं होतं. शिराताके-सान मात्र पांढरेफटक पडले.

जाताना ते माझ्या खिडकीशी थांबले. "फुसाएबाई, तो बॅटिंग कशी करतो?"

"मला काय विचारता? मी भात शिजवते!"

"तरी?"

"मागच्या महिन्यात माझ्या वाळवणाच्या मुळ्यांत चेंडू आणून पाडला मेल्यानं. तिकडून, पार कुंपणावरून."

त्यांनी मैदानाकडे बघितलं, मग माझ्या मुळ्यांकडे बघितलं. पुन्हा मैदानाकडे बघितलं. आणि मान हलवत निघून गेले.

त्यानंतर ते आले ते जाळीकडे फिरकलेच नाहीत. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, कुंपणाबाहेर, पपनसाच्या बागेचा चढ आहे. तिथे त्यांनी स्टूल टाकलं. पोरं फिदीफिदी हसायला लागली. "आजोबांना चष्मा लागला रे!" "नाही रे, पपनसं चोरायला बसलेत!" ताइची तेवढा हसत नव्हता. जाळीमागची ती रिकामी जागा बघून त्याचा चेहरा असा पडला, की मला वाटलं, झालं, माझ्याच तोंडानं मी याचं वाटोळं केलं. त्या दिवशी त्यानं दोनच वाडगे खाल्ले.

ते परत आले, पुन्हा तिथेच बसले. ताइचीनं चेंडू हातात घेतला की हे पाठ फिरवायचे. चक्क पाठ! डबा उघडायचे, पपनसाची पानं मोजायचे म्हणा ना. मी खिडकीतून चरफडत होते. असला कसला हा माणूस, एवढ्याशा पोरावर सूड उगवतोय?

मग ताइचीची बॅटिंगची पाळी आली आणि आजोबा उभे राहिले.

त्यानं बॅट ठेवली, ते खाली बसले. ताइची थबकला. सगळ्यांनी बघितलं. त्यानं मुद्दाम चेंडू उचलला. आजोबांनी पाठ केली आणि डब्यातला भाताचा गोळा काढला. त्यानं चेंडू टाकून दिला, बॅट उचलली. आजोबा भाताचा गोळा हातात धरून ताडकन उभे! पुन्हा चेंडू. पुन्हा पाठ. पुन्हा बॅट. पुन्हा उभे, आता तोंडात घास घेऊन. सगळा संघ खेळ सोडून हा तमाशा बघत होता. कामेओका सर ओरडले, "इवागो! काय चाललंय?" पण ओरडता ओरडता त्यांनीही चढाकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज अर्ध्यावरच थांबला.

ताइचीनं बॅट खाली ठेवली. टोपी काढली. सरांसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माझं कोपर दुखतंय. मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता सर त्याला सोलून काढणार. सरांनी तोंड उघडलंही. मग ते मटकन बाकावर बसले आणि म्हणाले, "मी तुला कुत्र्यासारखं खातोस म्हणालो होतो रे." बस, एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं, अजून एक उन्हाळा असाच काढला असता तर हाताला चाकू लावावा लागला असता. आता विश्रांतीनं भागेल, पण वर्षभर पिचिंगचं नाव काढायचं नाही. स्पर्धेत आमच्या गोलमटोल हिरोसेनं चेंडू टाकले आणि लवकरच घरी आलो. गावात लोक कुरकुरले. मासळीवाल्यानं तर मला ऐकवलं, "तुमच्या ताइचीनं ऐनवेळी हात वर केले म्हणे." मी म्हटलं, "हो, आणि बॅटनं तुमच्या दुकानाच्या छपरापर्यंत चेंडू मारला, ते नाही दिसलं?" त्या दिवसापासून त्याच्याकडून मासळी घेत नाही मी. ताइची कुंपणापाशी, पार मागे उभा राहून खेळला. आउटफील्डर म्हणतात त्याला. धावायचा तर असा, की वाऱ्यानं टोपी उडावी. शाळेत सराव असला की आजोबा बागेच्या चढावर त्याच्या मागेच बसलेले असायचे, तोंडात रताळ्याची काडी.

पण दुखरं कोपर असलेला पोरगा कोण घेणार? शिराताके-सान त्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांच्या संघात म्हणे वरचे साहेब हसले त्यांना, "म्हातारपणी मोडका पिचर आणताय?" सरांकडून हे माझ्या कानावर आलं. ताइचीनं रीतसर कळवलं होतं, नियमानं आता ते त्याच्याशी बोलू शकत होते, तरी बोलले नाहीत. मला म्हणाले, "नाव पुकारलं गेलं नाही तर माझे शब्द त्याच्या उरावर राहतील. पुकारलं तर बोलेन."

तो दिवस उजाडला. मी कुणाला न सांगता लाल चवळी भिजत घातली. आनंदाच्या दिवशी लाल भात करतात ना, त्यासाठी. नाव नाही आलं तर काय करायचं त्या चवळीचं, याचा विचारच केला नाही. शाळेच्या ग्रंथालयात दूरदर्शन संच लावला. गणवेश घालून ताइची, शेजारी सर, दारात त्याची आई. शेडमधून तशीच आलेली, अंगाला धुराचा वास. गावच्या छोट्या वर्तमानपत्राचा एकच वार्ताहर, तोही जांभया देत होता.

नावं सुरू झाली. मोठमोठ्या शाळांची मुलं. पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी. ताइची गुडघ्यांवर मुठी ठेवून बसलेला. त्याची आई गळ्यातला टॉवेल चावत होती. चौथी फेरी संपली. एका संघानं सांगितलं, आमची निवड पुरी झाली. मग दुसऱ्यानं. एकेक दार बंद होत होतं आणि मी मनातल्या मनात त्या वरच्या साहेबांना अशा शिव्या घालत होते, की त्यांना तोक्योत उचक्या लागल्या असतील.

आणि नावं पुकारणाऱ्याच्या एकसुरी आवाजानं शिराताके-सानांच्या संघाचं नाव घेतलं आणि म्हटलं, "इवागो ताइची. वय अठरा. आउटफील्डर."

सगळे ओरडले. सरांनी टोपी फेकली, हिरोसेनं खुर्ची पाडली, वार्ताहर दचकून जागा झाला. ताइची मात्र हलला नाही. त्याचे ओठ हलत होते. मी जवळ गेले तर तो स्वतःशीच पुटपुटत होता, "पिचर नाही म्हणाले. मावशी, ऐकलंत? पिचर नाही म्हणाले." मग तोंड झाकून तो हुंदके द्यायला लागला आणि त्याच्या आईनं धुराच्या वासासकट त्याला कवटाळलं.

दुसऱ्या दिवशी शिराताके-सान आले. कोट घालून! पहिल्यांदाच स्टुलाशिवाय. भोजनगृहात मी दोघांना समोरासमोर बसवलं आणि लाल भात वाढला. तीन वर्षं एकमेकांना बघितलेली माणसं, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. ताइची खाली मान घालून, आजोबा कार्ड हातात चुरगाळत. मला धीर धरवेना.

"भात गार होतोय," मी म्हटलं. "आधी खा!"

ताइचीनं डाव्या हातात वाडगा घेतला, उजव्या हातात काड्या. पाठ ताठ ठेवून त्यानं घास उचलला आणि तो सरळ तोंडापर्यंत नेला. मग दुसरा. आजोबा त्याच्या चेहऱ्याकडे नाही, कोपराकडे बघत होते. त्यांचा भात तसाच होता. डोळ्यांतलं पाणी कोटावर पडत होतं आणि पुसायचं त्यांना भान नव्हतं.

तिसऱ्या घासाला ते पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. "दुखतंय का रे, पोरा?"

"नाही, आजोबा," ताइची म्हणाला, आणि वाडगा माझ्यापुढे धरला. "मावशी, अजून आहे का?"