तोंड ओलं आहे ना?

"तोंड ओलं आहे ना?" सकाळी लॅबमध्ये आल्या आल्या ताईंचा पहिला प्रश्न हा. नवीन माणूस असला की ओठांवरून जीभ फिरवून "हो" म्हणायचा. ताई त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. त्यांनी विचारलेलं असायचं पीएच मीटरच्या प्रोबबद्दल.

तळवड्यात आमचा प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा कारखाना, मी तिथला फिटर. आम्ल मिसळलेलं पाणी बाहेर सोडण्याआधी मोजावं लागतं, आणि ते मोजतो हा प्रोब. टोकाला काचेचा नाजूक फुगा. तो कोरडा पडला की कामातून गेला. शुद्ध पाण्यात ठेवला तरी बिघडतो, त्याला त्याचं खारं पाणीच लागतं. ते टोपीत भरून टोपी घट्ट लावायची, एवढंच काम. पण त्यावरून ताईंनी आम्हाला किती फैलावर घेतलं असेल, विचारू नका.

त्या पिंपळे गुरवच्या. वडील कंपनीत कामगार, या बीएस्सी होऊन आमच्या लॅबमध्ये पाणी तपासायच्या. चाळिशी ओलांडलेल्या, तरी माझ्याहून लहान, पण रागवायच्या अशा की ‘ताई’शिवाय दुसरं काही तोंडातून निघायचंच नाही.

एका खंडेनवमीला आमच्या ऑपरेटरची भक्ती उतू गेली. त्यानं सगळे प्रोब स्वच्छ धुतले, फडक्यानं कोरडे पुसले, काचेला हळदकुंकू लावलं आणि पान्ह्यांशेजारी झेंडूच्या फुलांत मांडले. ताई पेढा घ्यायला आल्या आणि तिथेच थबकल्या.

"काय केलंत हे, राव?"

"ताई, हत्यारंच की ही. पूजा नको?"

"करा की. पण तोंड ओलं ठेवून करा."

त्यांच्या घरी ही पूजा नसते. तरी दरवर्षी त्या स्वतः टोपी लावलेले प्रोब आणून मांडू लागल्या. कुंकू टोपीला. आमच्या कारखान्याची ही रीत तुम्हाला दुसरीकडे बघायला मिळायची नाही.

मग मोठ्या गिऱ्हाइकानं काम काढून घेतलं आणि कारखाना बंद पडला. "थोडे दिवस," मालक म्हणाले. थोडे दिवस किती ते कुणीच सांगेना. मी चाकणला ठेकेदाराकडे मिळेल ते काम करू लागलो. माझं घर कारखान्याजवळच. एका रविवारी फाटकाशी ताईंची स्कूटी दिसली. आत जाऊन बघतो तर त्या टोप्या उघडून पाणी बदलत होत्या.

वॉचमनबाबा तळवडे गावातले. ते म्हणाले, "दर रविवारी येत्यात. म्या सांगितलं, कंपनी न्हाई उघडायची आता. ऐकत न्हाईत."

"पगार नाही ताई, कशाला येता?" मी विचारलं.

"उद्या सुरू झाली तर? पाणी न मोजता सोडायचं का?" आणि टोपी लावत हळूच म्हणाल्या, "दुसरीकडे विचारून आले. या वयात नवीन कोण घेतंय, भाऊ?"

मी खाऱ्या पाण्याची बाटली उचलून दिली, दुसरं काय करणार?

पुढे कारखाना विकत घ्यायला एक माणूस आला. चालवायचा की भंगारात काढायचा हे त्याचं ठरत नव्हतं. यंत्रं दाखवायला मालकांनी मला बोलावून घेतलं. त्यानं एकेक यंत्र चालवून बघितलं. पाण्याच्या टाकीशी आला तेव्हा मी प्रोबची टोपी काढली. तपासणीच्या द्रावणात प्रोब बुडवला. आकडा थोडा हलला आणि सातवर थांबला, जिथे थांबायला हवा होता तिथेच. "हे तर चालू ठेवलंय कुणीतरी," तो म्हणाला. मी ताईंचं नाव सांगितलं. त्यानं मान डोलावली.

कारखाना सुरू झाला. आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. पाणी तपासायचं काम मात्र त्यानं बाहेरच्या एजन्सीला दिलं. ताईंना बोलावलं नाही. मी विचारायला गेलो तर म्हणाला, ते आता स्वस्त पडतं.

मी ताईंना फोन केला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सात आलं ना?"

"आलं, ताई."

"मग झालं," म्हणाल्या.

यंदा खंडेनवमीला एजन्सीचा माणूस सुट्टीवर होता. प्रोब मीच मांडले. कुंकू लावण्याआधी एकेक टोपी कानाशी धरून हलवली. आत पाणी वाजत होतं.