मालनताईंनी न्हावऱ्यात केलेली सावड

मालनताईंना मी प्रथम पाहिलं ते दौंडच्या एका सभेत. मुलींनी मैदानात उतरलंच पाहिजे, असं मी तासभर गर्जत होतो. टाळ्या मला मिळाल्या. सभा संपल्यावर मुली मात्र ताईंभोवती जमल्या, कारण त्यांच्या पिशवीत फुटबॉल होता. माझा हेवा त्या दिवशी सुरू झाला. ताईंच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात तो लपवणं मला शोभणार नाही.

ताईंनी केडगावात उभा केलेला मुलींचा संघ राष्ट्रीय चषक स्पर्धेत पोचला. स्पर्धा बाद पद्धतीची. हरला की घरी. पण गोलरक्षक रेश्माला तिचे वडील, न्हावऱ्याचे बबनआप्पा, सोडायला तयार नव्हते. कांदा काढणीला आला होता आणि मजूर मिळत नव्हते. मी त्यांच्या ओट्यावर बसून समतेपासून संविधानापर्यंत सगळं बोललो.

“गुरुजी, भाषण लय भारी झालं,” आप्पा म्हणाले. “पण कांदा कोण काढणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मालनताई अख्खा संघ घेऊन उतरल्या आणि पदर खोचून वाफ्यात बसल्या.

“आप्पा, ही सावड समजा. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या कामाला.”

तिसऱ्या दिवशी रान मोकळं झालं, आणि रेश्माही.

संघ पहिल्याच सामन्यात हरला, तोही पेनल्टीवर. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. आता आप्पा पोरीला पुन्हा सोडणार नाहीत, तेव्हा माझ्या शब्दांची गरज पडेल, म्हणून नवं भाषण तयार करून मी ताईंबरोबर न्हावऱ्याला गेलो. रेश्मा दाराआड उभी होती.

“हरलो आप्पा,” ताई म्हणाल्या.

“मंग? कांदा काय दर साली साधतो व्हय? सावड आमच्याकडं राहिलीया. पुढल्या खेपेला टीमसंगं मी येतो. सैपाकाला घ्या, न्हाईतर सामान उचलाया.”

माझं भाषण खिशातच राहिलं. इतकी पुस्तकं वाचून मला जे जमलं नाही, ते ताईंनी खुरप्याने केलं. हा हेवा गिळता येत नाही.

यंदा संघ पुन्हा त्याच स्पर्धेला निघाला आहे. गोलात रेश्मा, चुलीपाशी आप्पा. मीही येऊ का, असं आप्पांना विचारलं.

“या की गुरुजी. पण बोलायचं न्हाई, पाण्याचे कॅन उचलायचे.”

मी कबूल झालो आहे. मालनताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे अजून पुष्कळ मैदानं धावोत, आणि कॅन घेऊन त्यांच्यामागे पळताना मला धाप लागत राहो.