बर्फाखालची आग आणि दाऊदभाई

दाऊदभाई गेल्याचं सांगायला खैतानहून त्यांचा जावई आला, तेव्हा मी कुवेतमध्ये सालमियातलं माझं दुकान उघडत होतो. दुकान तसंच बंद केलं आणि त्याच्याबरोबर निघालो.

पंचावन्न साली रत्नागिरीची मास्तरकी सोडून मी कुवेतला आलो तो त्यांच्याच खोलीत उतरलो. ते दापोलीकडचे. उमेदीत बोटीवर आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा मारणारे. इथे समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात बॉयलरवर. एकदा जेवताना त्यांनी सांगितलं, की तरुणपणी आइसलंडच्या किनाऱ्यावर त्यांची बोट रुतली आणि एका शेतकऱ्यानं त्यांना घरी ठेवून घेतलं. तिथल्या बर्फाच्या डोंगराखाली आग पेटली, वर काळा धूर उठला आणि लख्ख उन्हात नदीला असा पूर आला, की घराएवढाले बर्फाचे तुकडे समुद्राकडे वाहत गेले... मी चार बुकं शिकलेला. विचारलं, बर्फाखाली आग विझत कशी नाही? सगळी खोली हसली. तेही हसले. पुन्हा त्या पुराचं नाव त्यांनी काढलं नाही. थाप पचली नाही म्हणून गप्प बसले, असं मी खुशाल धरून चाललो.

गेल्या वर्षी रद्दीत एक इंग्रजी मासिक हाती आलं. त्यात तो डोंगर होता. ज्वालामुखीनं बर्फ खालून वितळतो, पाणी आतच साठत जातं आणि एके दिवशी बर्फ उचलून बाहेर फुटतं. एवढं अफाट काही या माणसानं पाहिलं होतं, आणि एक शब्दही वाढवून सांगितला नव्हता.

टॅक्सी करून खैतानला गेलो. लेकीच्या घरी ते आजारी पडून होते. मराठी करत सगळं वाचून दाखवलं आणि माफी मागितली. ते म्हणाले,

"मास्तर, हलूहलू मलाच वाटायला लागला, मी ते सपनात बगितला."

मला फार लाज वाटली. माझ्या एका प्रश्नानं त्यांच्या डोळ्यांवरचा त्यांचाच भरवसा गेला होता.

त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मध्येच थांबवलं. वासाचं लिहिलेलं नाही, म्हणाले. पुराआधी नदीला सडक्या अंड्यांचा वास सुटला, म्हणून तर शेतकऱ्यानं मेंढरं वर हाकली आणि यांनाही हाताला धरून नेलं. ते लिहा, आणि खाली माझं नाव घाला, असा हट्टच धरला.

तो अंक आता माझ्या उशाशी असतो. समासात माझं पेन्सिलीचं अक्षर आहे: 'आधी वास येतो, मग पाणी. दाऊद आगवाला. स्वतः पाहिलं.'